क्लबचा सातबारा

६ नोव्हेंबर २०२३ ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मुंबई सिटी एफसी आणि सौदी अरेबियाचा अल हिलाल यांचा सामना झाला. एएफसी चॅम्पियन्स लीग, म्हणजे आशियातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा. मुंबईवाले त्या वर्षी या स्पर्धेतले आपले बाकीचे घरचे सामने पुण्यात, बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात, खेळत होते. गटात अल हिलाल आल्याचं कळल्यापासून इथला प्रत्येक फुटबॉलवेडा नेमारच्या नावाने तिकिटं शोधत होता. ऑक्टोबरमध्ये ब्राझीलकडून खेळताना नेमारचा गुडघा गेला आणि तो काही आला नाही. मित्रोविच आला, त्याने गोलही केला. अल हिलाल २-० ने जिंकला.

मैदानावर कोण होतं हे आणखी एका पद्धतीने सांगता येतं. अल हिलालचे ७५ टक्के त्याच वर्षी जूनमध्ये सौदी सरकारच्या गुंतवणूक निधीने घेतले होते. मुंबई सिटीचे ६५ टक्के सिटी फुटबॉल ग्रुपकडे होते, म्हणजे मँचेस्टर सिटीच्या मालकांकडे, म्हणजे अखेर अबुधाबीच्या शेख मन्सूर यांच्याकडे. थोडक्यात, रियाध विरुद्ध अबुधाबी, मुक्काम पोस्ट नवी मुंबई. आणि बालेवाडीच्या ज्या मैदानावर मुंबईवाले बाकीचे घरचे सामने खेळत होते, त्या मैदानाला स्वतःचा मोठा क्लब उरला नव्हता. २०१५ च्या उन्हाळ्यापर्यंत तिथे तीन क्लब होते.

मी त्या रात्री गॅलरीत बसलो होतो. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला तिचे मामा. मामा मूळचे कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतले. भोसरी एमआयडीसीत फिटर म्हणून लागले, निवृत्त झाले आणि पिंपळे गुरवातच स्थिरावले. फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियम आणि शिवाजी तरुण मंडळ, बाकी सगळी टीव्हीवरची करमणूक, असं त्यांचं ठाम मत. भाची इथेच वाढली. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत कॉस्टिंग बघते, त्यामुळे कुठलाही विषय तिच्याकडे गेला की त्याचे आकडे होतात. मी जावई, म्हणजे या वादात मतदानाचा हक्क नसलेला निरीक्षक.

२६ डिसेंबर २०२५ ला बातमी आली की सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतला आपला हिस्सा सोडला आणि क्लब पुन्हा जुन्या मालकांकडे गेला. पुढे जानेवारीतल्या एका रविवारी मामा जिजाऊ उद्यानात, म्हणजे अख्खं गाव ज्याला डायनासोर गार्डन म्हणतं तिथे, फेऱ्या मारून थेट आमच्याकडे चहाला आले. बूटही पुरते काढले नव्हते.

मामा : गेले म्हणे तुझे अबुधाबीवाले.

भाची : माझे कधीपासून झाले?

मामा : निळी जर्सी घालून बालेवाडीला कोण नाचत होतं मग? २०१९ ला आले, पासष्ट टक्के घेतले, सहा वर्षांत गाशा गुंडाळला. मी तेव्हाच म्हणलो होतो बघ.

भाची : गाशा का गुंडाळला तेही सांगा की. फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये रिलायन्सवाल्यांबरोबर पंधरा वर्षांचा करार केला होता, ७०० कोटींचा. तो ८ डिसेंबर २०२५ ला संपला. संपणार हे पंधरा वर्षं माहीत होतं. तरी पुढचं काही ठरवलं नाही, आणि जुलैमध्ये इंडियन सुपर लीग, आपली आयएसएल, थांबवून ठेवली. हंगाम होणार की नाही, सामने कोण दाखवणार, कुणालाच पत्ता नाही. अशा लीगमध्ये कोण पैसे ठेवून बसेल? आता क्रीडामंत्र्यांनी १४ फेब्रुवारीची तारीख दिली आहे. म्हणजे पळून जाणाऱ्याला शिव्या देण्याआधी घर कोणी पेटवलं ते बघा.

मामा : घर पेटलं की घरातला माणूस पाणी मारतो. पाहुणा बॅग उचलतो. एवढंच म्हणायचंय मला.

भाची : पाहुण्याने घरात काय काय आणलं ते मोजा आधी. २०१४ पासून पहिले पाच हंगाम मुंबईकडे एक कप नव्हता. हे आले आणि दुसऱ्याच हंगामात, २०२०-२१ ला, शील्ड आणि कप दोन्ही. एकाच हंगामात दोन्ही घेणारा पहिला क्लब. मग २०२२-२३ ला पुन्हा शील्ड, २०२३-२४ ला पुन्हा कप. २०२२ च्या एप्रिलमध्ये इराकच्या क्लबला हरवलं, तेव्हा चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. हे वर्गणीतून झालं असतं का?

मामांनी चहात खारी बुडवली. ही त्यांची जुनी खोड. उत्तर नसलं की खारी मऊ होईपर्यंत वेळ काढायचा. पण या वेळी उत्तर होतं.

मामा : कप कुणाला नको असतो? मला एवढंच सांग, पासष्ट टक्के घेताना तुम्हा प्रेक्षकांना कुणी विचारलं होतं? आणि सोडताना?

भाची : नाही.

मामा : मग क्लब तुमचा कसा?

इथे ती गप्प झाली, आणि ते मुंबईमुळे नव्हतं. मुंबई सिटी हा तिचा दुसरा घरोबा. पहिला एफसी पुणे सिटी. २०१४ मध्ये आयएसएल सुरू झाली तेव्हा ती कॉलेजात होती. केशरी जर्सी घालून सांगवी फाटा, औंध, बाणेर असं करत मैत्रिणीच्या स्कूटीवरून बालेवाडी गाठायची. ते मैदान फुटबॉलचं नव्हेच. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं, गॅलरी आणि हिरवळ यांच्यामध्ये धावण्याचा आठ पदरी ट्रॅक. पलीकडच्या कोपऱ्यात कॉर्नर मिळाली की चेंडू दिसायचा नाही, समोरच्या गॅलरीतले उभे राहिले की गोल झाला हे समजायचं. तिथून तिने त्रेझेगे पाहिला, मार्सेलिन्यो पाहिला. ७ मार्च २०१८ ला बंगळुरूविरुद्धची उपांत्य फेरी पाहिली, ०-०. तो निकाल ती अजूनही विजयासारखा सांगते. परतीच्या सामन्यात छेत्रीने तीन गोल केले, तो भाग ती सांगत नाही.

पुण्यातल्या क्लबांची हकीकत एकदा सलग सांगायलाच हवी, कारण मुलांना वाटतं इथे फुटबॉल कधी नव्हताच. २००७ मध्ये अशोक पिरामल समूहाने पुणे एफसी काढला. आय-लीग या राष्ट्रीय लीगमध्ये आला, २०१२-१३ ला दुसरा आला, अकादमी चांगली चालवली. २०१४ मध्ये कल्याणी समूहाचा भारत एफसी आला. त्याच वर्षी वाधवान समूहाचा एफसी पुणे सिटी, सोबत सिनेमातले तारे. म्हणजे एका मैदानावर तीन मालकांचे तीन क्लब. २०१५ चा हंगाम संपला आणि भारत एफसी एका वर्षात बंद. पुणे एफसीनेही मोठा संघ गुंडाळला. मग डीएसके शिवाजीयन्स आय-लीगमध्ये आले, लिव्हरपूलच्या नावाची अकादमी घेऊन. दोन हंगाम खेळले, संपले. २०१८ च्या फेब्रुवारीत त्या समूहाचे प्रमुख ठेवीदारांच्या प्रकरणात अटकेत गेले. राहता राहिला पुणे सिटी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्याची आयएसएलमधली जागा हैदराबादला गेली. त्याच नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने वाधवानांच्या डीएचएफएलचं संचालक मंडळ बरखास्त केलं.

मामा : चार शेठ, चार क्लब, एक मैदान. शिल्लक काय? ट्रॅक.

भाची : हसू नका मामा. २० मार्च २०२२ ला त्याच हैदराबादने आयएसएल जिंकली. अडीच वर्षांत. आपला निखिल पुजारी त्या चमूत होता, पुणे सिटीतून गेलेला. तुमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता.

मामा : अनिकेत बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला. सरकारी प्रबोधिनीत. शेठच्या नव्हे.

भाची : बरं, सरकारी. पण मी तो सामना टीव्हीवर बघत होते आणि मला टाळ्या वाजवाव्यात की टीव्ही बंद करावा कळेना. तो आमचा कप होता की नव्हता? जागा तीच, काही पोरं तीच, फक्त गाव दुसरं. आता तर हैदराबादही राहिलं नाही. तिथले मालक अडचणीत आले, नवीन मालक आले, आणि संघ दिल्लीला. स्पोर्टिंग क्लब दिल्ली. पुणे, हैदराबाद, दिल्ली. सरकारी नोकराची बदली तरी तीन वर्षांनी होते.

मामा : मग तू माझ्याच बाजूची आहेस की.

भाची : नाही. तुम्ही म्हणता शेठ नकोच. मी म्हणते, शेठ कसा बुडतो ते समजून घ्या. या चारांपैकी क्लबमुळे कोणी बुडालं नाही. क्लब हा त्यांच्या ताळेबंदातला छोटा खर्च. मूळ धंद्याला ठसका लागला की पहिली कात्री छोट्या खर्चाला. आमच्या कंपनीत ऑर्डर कमी झाली की आधी दिवाळीची मिठाई कमी होते, मशिन विकत नाहीत.

मामा : आणि ठसका न लागताच कात्री लावली तर? महिंद्रा युनायटेड. १९६२ पासूनचा संघ. २००५-०६ ला राष्ट्रीय लीग जिंकलेला. २०१० ला बंद केला. त्याच सुमाराला तुमच्या चाकणला त्यांचा एवढा मोठा कारखाना उभा राहिला. म्हणजे पैसे नव्हते असं नाही. मालकाला वाटलं आता शाळेच्या पोरांच्या स्पर्धा घेऊ, झालं. आमच्या कंपनीचीही टीम होती, डाव्या बगलेला मी असायचो. नवीन साहेब आले, त्यांना क्रिकेट आवडायचं. मैदानात गोडाऊन झालं.

कंपनीचं नाव मामा कधी घेत नाहीत. पेन्शन नाही, पण इमान आहे.

भाचीने मग चाकणचंच उदाहरण काढलं. २००९ मध्ये तिथे सुरू झालेल्या फोक्सवॅगनचं. जर्मनीतला वुल्फ्सबुर्ग क्लब शंभर टक्के त्या कंपनीच्या मालकीचा, आणि लेव्हरकुसन हा १९०४ मध्ये बायर या औषध कंपनीच्या कामगारांसाठी निघालेला. दोन्ही टिकले, दोन्ही जर्मनीचे विजेते झाले. म्हणजे कंपनीचा क्लब म्हणून तो उपराच असला पाहिजे असं काही नाही.

मामा : पण तिथं कायदा आहे म्हणतात, सभासदांकडे जास्त मतं पाहिजेत.

भाची : आहे. ५० अधिक १. निम्म्याहून एक मत जास्त सभासदांच्या संघटनेकडे. १९९८ पासून. या दोघांना सवलत मिळाली कारण कंपनी वीस वर्षांहून जास्त काळ सलग मागे उभी होती. तिथे आधी वीस वर्षं थांबा, मग मालकी मागा. आपल्याकडे आधी मालकी घ्या, मग वाटलं तर थांबा.

हे वाक्य बोलून ती स्वतःच चमकली. आपण मामांच्या पारड्यात वजन टाकतोय हे तिच्या लक्षात आलं असावं. मामांनी ताबडतोब हात पुढे केला.

मामा : जावईबापू, लिहून घ्या हे.

भाची : लिहून घे, पण हेही लिही. मी आर्सेनलची. तिथे क्रोंके नावाच्या अमेरिकन माणसाने २००७ ला दहा टक्क्यांच्या आत हिस्सा घेतला. लोकांनी आरडाओरडा केला. २०११ ला निम्म्याहून वर गेला, पुन्हा आरडाओरडा. २०१८ ला रशियाच्या उस्मानोवचे तीस टक्के विकत घेतले आणि शंभर टक्के मालक झाला. लोक म्हणाले, संपला क्लब. मग काय झालं? संघ २०२३, २०२४, २०२५, तिन्ही वेळा लीगमध्ये दुसरा. त्याआधीची वर्षं पाचवा, सहावा, आठवा. हिस्सा वाढत गेला म्हणून क्लब मेला नाही.

मामा : तीस टक्क्यांचं राहू दे. ज्यांच्याकडे एक-एक शेअर होता त्यांचं काय झालं?

हा प्रश्न नेमका होता. आर्सेनलमध्ये काही चाहत्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या जपलेला एखादा शेअर असायचा. त्याची किंमत लाभांशात नव्हती. तो असला की वार्षिक सभेला जाता यायचं, उभं राहून संचालकांना तोंडावर विचारता यायचं. क्रोंकेकडे नव्वद टक्क्यांच्या वर गेल्यावर इंग्लंडच्या कायद्याने उरलेले शेअर त्याला सक्तीने विकत घेता आले, आणि त्याने घेतले. पैसे चोख दिले. प्रश्न विचारायची जागा तेवढी गेली.

भाची : ते वाईट झालं. मान्य.

मामा : ते वाईट नाही, तेच सगळं आहे! आपल्या बिल्डिंगचं बघ. तुम्ही फ्लॅट घेतला, हप्ते भरता, मेंटेनन्स भरता, दर दिवाळीला लायटिंग करता. पण कन्व्हेयन्स झालं का? सातबाऱ्यावर नाव कुणाचं आहे? अजून बिल्डरचं. उद्या वाढीव एफएसआय आला तर वर मजला चढवायला तो तुम्हाला विचारील का? तुमचा क्लब असाच. गाणी तुमची, ढोल तुमचे, जर्सी तुम्ही विकत घेतलेली. जमीन त्याची.

सांगायला हरकत नाही, आमच्या सोसायटीच्या गेल्या तीन वार्षिक सभा याच एका विषयावर मोडल्या आहेत. त्यामुळे मामांचं म्हणणं मला जरा जास्तच झोंबलं.

भाची : पण बिल्डरने बांधलं नसतं तर इथे अजून ज्वारी असती ना मामा? बांधणारा लागतोच.

मामा : बांधू दे की! पैसेही कमवू दे. कन्व्हेयन्स करून दे म्हणतोय मी, बांधू नको असं कोण म्हणतंय?

इतकी वर्षं मामा 'शेठ नकोच' म्हणत आले होते. ते त्यांनी इथे सोडलं, आणि सोडल्याचं त्यांना कळलं नाही. भाचीला कळलं. तिने कोलकात्याचा विषय काढला. २०२० च्या जानेवारीत गोएंका समूहाने मोहन बागानच्या फुटबॉलचे ८० टक्के घेतले, आणि क्लबच्या नावाआधी आपल्या जुन्या संघाचं नाव लावलं : एटीके मोहन बागान. चाहते तीन वर्षं हटले नाहीत. घोषणा, फलक, बहिष्कार. २०२३ मध्ये संघाने कप जिंकला त्याच रात्री मालकांनी जाहीर केलं की एटीके काढून टाकतो. पुढे 'सुपर जायंट' जोडलं हा भाग वेगळा, शेठजी अगदी रिकाम्या हाताने परत जात नाहीत.

भाची : तिथे शेठकडे ऐंशी टक्के होते, तरी झुकला. इथे वाधवानांना कुणी काही म्हणू शकलं नाही. फरक टक्क्यांचा नाही. तिथे १८८९ पासूनचा क्लब आहे, सभासद आहेत, निवडून आलेली कमिटी आहे, वीस टक्के त्यांच्याकडे राहिले होते. शेठच्या ऐंशीबाहेर काहीतरी उभं होतं. आमच्या पुणे सिटीत शेठच्या बाहेर काहीच नव्हतं. नाव त्याचं, लीगमधली जागा त्याची, मैदान सरकारचं. आम्ही फक्त आवाज होतो.

माझं स्वतःचं मतही याच्या आसपास आहे. गुंतवणूकदाराचा हिस्सा दहाचा वीस आणि वीसचा साठ झाला की आपण टक्क्यांवर भांडतो. खरं विचारायला हवं ते वेगळंच : लीगमध्ये खेळायचा हक्क कोणाच्या नावावर आहे, क्लबचं नाव आणि रंग बदलायला कोणाची सही लागते, मैदानाचा करार कोणाशी आहे. यातलं एक जरी शेठच्या मुठीबाहेर असलं तर नव्वद टक्केवालाही जरा जपून वागतो. वेल्समधल्या कार्डिफच्या मालकाने २०१२ मध्ये निळा संघ लाल करून दाखवला, आणि २०१५ च्या सुरुवातीला निमूटपणे पुन्हा निळा केला. पण निदान तो संघ कार्डिफमध्येच राहिला.

भाचीला मात्र हिशेब पुरा करायचा होता, आणि आता पाळी कोल्हापूरची होती.

भाची : तुमच्या तालमींच्या संघांचं तरी काय शेठशिवाय चालतं? मोठमोठ्या रकमांची बक्षिसं कोण लावतं? नगरसेवक, आमदार, बिल्डर. आफ्रिकेतून खेळाडू कोण आणतं, त्यांचा पगार कोण देतं? पेठेतल्या वर्गणीतून होतं का ते? आणि शाहू स्टेडियमवर दगड पडले, सामना थांबवला, हे किती वेळा वाचलं आहे मी.

मामा : दगड पडतात. लाज वाटते त्याची. शेठही असतात, निवडणूक आली की जास्त असतात. पण ऐक. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस... यातला एखादा कुणी आमदार हैदराबादला नेईल का? नेऊच शकत नाही. दिलबहार रविवार पेठेतून उचलला तर तो दिलबहार राहतच नाही. त्याची तालीम तिथं आहे. शेठ येतो, फ्लेक्स लावतो, पाच वर्षांनी दुसरा शेठ येतो. तालीम हलत नाही.

भाची : आणि म्हणून कोल्हापूरचा एकही क्लब आजवर आयएसएलमध्ये नाही.

मामा : नाही.

भाची : अनिकेतला कोल्हापूर सोडावं लागलं.

मामा : लागलं.

दोघेही थोडा वेळ बोलले नाहीत. दोघांचंही खरं होतं आणि दोघांनाही ते सोयीचं नव्हतं. खाली कुठल्या तरी पार्किंगमध्ये पोरं चेंडू बडवत होती, वॉचमन ओरडत होता. पिंपळे गुरव, नवी सांगवी, सौदागर, सगळीकडे आता तासाच्या भाड्याचे टर्फ झाले आहेत. जाळी, दिवे, हिरवं प्लास्टिक. पोरं खेळतात खूप, पण कुणासाठी खेळतात असं विचारलं तर रियाल माद्रिद म्हणतात.

मग मी पहिल्यांदा तोंड उघडलं आणि विंबल्डनची गोष्ट सांगितली. २००२ मध्ये मालकांना लंडनमधला तो जुना क्लब पन्नास-साठ मैलांवरच्या मिल्टन कीन्सला न्यायची परवानगी मिळाली, आणि २००३ मध्ये तो गेला. म्हणजे पुणे सिटीचंच झालं. पण तिथले चाहते परवानगी मिळताच एकत्र आले, एएफसी विंबल्डन नावाचा नवा क्लब काढला आणि नवव्या पायरीवरच्या लीगपासून सुरुवात केली. २०११ मध्ये तो व्यावसायिक लीगमध्ये पोचला, २०२० मध्ये आपल्या जुन्या भागात स्वतःचं मैदान बांधून परतला. क्लब आजही चाहत्यांच्या ट्रस्टच्या ताब्यात आहे.

मामा : बघ! मीही पाचशे रुपये देतो वर्षाला. काढा क्लब.

भाचीने फोन घेतला. मला वाटलं कुणाला लावते आहे. ती कॅल्क्युलेटर उघडत होती.

भाची : आयएसएलचा संघ चालवायला वर्षाला तीस कोटी धरू. पाचशे रुपयांप्रमाणे सहा लाख सभासद. पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सतरा लाख सत्तावीस हजार. म्हणजे तेव्हाच्या तान्ह्या पोरांसकट दर तिसऱ्या माणसाने पावती फाडायची.

मामा : आयएसएल कशाला? तुझं विंबल्डन तरी कुठे वरून सुरू झालं? जिल्हा लीगमध्ये उतरवा. दहा लाखांत वर्ष निघेल.

भाची : दहा लाख म्हणजे दोन हजार सभासद. हे... जमण्यासारखं आहे. उपांत्य सामन्याला आमच्या एका बाजूच्या गॅलरीत याहून जास्त होते. २०२३ पासून आय-लीगचा विजेता आयएसएलमध्ये घेतातही, पंजाब आला, मोहमेडन आला. म्हणजे खालून वर जायचा जिना आता आहे. पण सराव कुठे?

मामा : सांगवीचं पीडब्ल्यूडीचं मैदान.

भाची : तिथे लग्नं, जत्रा, प्रदर्शनं. आणि ते सरकारचं. पुन्हा सातबारा दुसऱ्याच्याच नावावर.

मामा : तू माझंच मला ऐकवतेस व्हय!

भाची : आणखी ऐका. समजा जमलं. तिसऱ्या वर्षी एखादा बिल्डर आला, म्हणाला चाळीस टक्के द्या, मैदान देतो. घ्यायचे?

मामा : घ्यायचे. एकोणपन्नासपर्यंत घ्यायचे. जर्सीवर त्याच्या स्कीमचं नाव पण घालू. क्लबचं नाव आणि लीगमधली जागा सभासदांच्या ट्रस्टकडे. ते विकायचं झालं तर तीन चतुर्थांश मतं लागतील, असं घटनेतच लिहायचं. आमच्या युनियनच्या घटनेत असं कलम होतं.

भाची : हे तुम्ही आधी कधी बोलला नाहीत.

मामा : आधी तू कधी विचारलं नाहीस. कप मोजत बसायचीस.

भाची : बरं, शेवटचं. पहिल्याच वर्षी संघ तळाला गेला, तर दोन हजारातले किती लोक दुसऱ्या वर्षी पाचशे देतील?

मामा : शिवाजी हरलं म्हणून आमच्या पेठेत कुणी वर्गणी थांबवली नाही कधी.

भाची : मी पेठेचं विचारत नाही. इथलं विचारते. आपल्या मजल्यावर एक लातूरचे, एक जळगावचे, एक बिहारचे. कुणाची चौथी पिढी इथे आहे? कोण देईल?

मामा : गणपतीची वर्गणी देतात की सगळे. लातूरवाले पण देतात, बिहारवाले पण.

भाची : ती दारात पाच पोरं उभी राहतात म्हणून.

मामा : मग पाच पोरं शोध. पावतीपुस्तक मी छापून आणतो.